घरातली तिसरी बंदूक

आमच्या घरात तीन पिढ्यांत तीन बंदुका आल्या. आजोबांची ठासणीची, वडिलांची बारा बोअर आणि माझी छर्ऱ्यांची. पहिलीचा बार झाला की शिवार जागं व्हायचं. दुसरीचा झाला की गल्ली दारात यायची. माझीचा झाला तर गोठ्यातली म्हैस रवंथसुद्धा थांबवत नाही. गावाच्या मते ही घराण्याला लागलेली उतरती कळा आहे. मला तसं वाटत नाही, पण का वाटत नाही हे सांगायला बराच वेळ लागतो आणि पारावर एवढा वेळ कोणी कोणाला देत नाही.

१९५९ चा शस्त्र कायदा पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा गंमत वाटली. परवाना कोणाला द्यावा हे सांगणाऱ्या तेराव्या कलमात तीन माणसं उभी आहेत. एक, पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणारा शेतकरी. दुसरा, संरक्षणासाठी किंवा खेळासाठी निदान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत बंदूक मागणारा नागरिक. तिसरा, मान्यताप्राप्त रायफल क्लबचा सभासद, ज्याला नेमबाजीच्या सरावासाठी .२२ ची रायफल नाहीतर एअर रायफल हवी आहे. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांना बुलढाण्याजवळच्या बोथ्याच्या जंगलाकडेचं आमचं घर ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, तरी आजोबा, वडील आणि मी तिथे ओळीने हजर आहोत. फरक एवढाच, की त्या दोघांना बंदूक कशाला हवी असं गावाने कधी विचारलं नाही. मला अजून विचारतात. "काहून गुरुजी, इतकी महागाची बंदूक घेतली अन् त्याच्यानं एक तितरबी नाही मारत?"

आजोबांची बंदूक चालताना मी पाहिलेली नाही. ती कशी भरत ते वडिलांनी एकदा हातवारे करून दाखवलं होतं. नळीत वरून दारू ओतायची, तिच्यावर चिंधीचा बोळा, गजाने ठासायचं. मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणं. शेवटी मागच्या बाजूला तांब्याची टोपी बसवायची. हे सगळं अंधारात, माळ्यावर उकिडवं बसून, खाली ज्वारीत डुकरं शिरल्याची खसफस ऐकत. बार उडाला की धूर एवढा होई, की काय लागलं ते बघायला खाली उतरावं लागे, आणि बहुतेक वेळा काही लागलेलं नसे. जागलीच्या रात्री माणसाला धीर द्यायचा आणि जनावरांना पळवायचं, एवढंच तिचं काम, आणि ते ती चोख करी. आजोबांनी ती निवडली होती असं म्हणता येणार नाही. परवान्यात जी बसत होती आणि खिशाला जी परवडत होती, ती घरी आली.

वडिलांची दुनाळी मात्र हौसेने आलेली. बारा बोअर म्हणजे काय हे त्यांनी मला आठवी-नववीत समजावलं होतं: एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. मला गणिताची गोडी लागण्यात त्या वाक्याचा वाटा असावा. काडतुसं खडकीच्या कारखान्याची, शक्तिमान. १८६९ पासूनचा तो कारखाना. पितळी बुडावर उमटवलेल्या 'के एफ' या अक्षरांवरून मी बोट फिरवत बसायचो. बंदूक वर्षातून एकदा, खंडेनवमीला, पाटावर यायची. हळद-कुंकू, झेंडूचं फूल, तेलाचा बोळा नळीतून एकदा आरपार, की परत कपाटात. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायचं पत्र यायचं. वडील धुतलेलं धोतर नेसून ती जमा करायला जात आणि पावती घडी करून पाकिटात ठेवत. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद असं करता करता ती जेवढी घरी राहिली, जवळपास तेवढीच ठाण्यात राहिली असेल.

तिने कोणाचं संरक्षण केलं असं मला आठवत नाही. मान मात्र पुष्कळ मिळवून दिला. आमच्या भागात परवान्याची बंदूक हे अजूनही शंभर एकरांच्या जोडीने सांगायचं लेणं आहे. लग्नात वरातीपुढे बार काढणारे पाहुणे मी लहानपणी पाहिलेत. २०१९ च्या दुरुस्तीने तो रीतसर गुन्हा झाला, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. उशिरा झाला असं माझं मत. आकाशात झाडलेली गोळी कुठेतरी उतरतेच, हे वऱ्हाडी मंडळींना एरवी सगळ्या बाबतींत कळतं, फक्त मांडवात कळत नाही.

त्याच दुरुस्तीने एका माणसाच्या नावावर तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरवलं, आणि वारशाने आलेलीही त्या दोनांतच मोजली. त्याआधीच्या, २०१६ च्या नियमांत एक सोय होती: परवानाधारक सत्तरीचा झाला, किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिली, की हयातीतच ती वारसाच्या नावे करता येते. वडिलांनी हा नियम कुठूनसा शोधून काढला आणि एका संध्याकाळी विषय काढला. "बंदूक तुझ्या नावानं करून घे." मी थोरला, तेव्हा त्यांच्या हिशोबात दुसरा प्रश्न नव्हता. माझ्या हिशोबात होता. दोनांतली एक जागा मी अशा बंदुकीला द्यायची, जी मी कधी चालवणार नाही?

शिवाय आमचं गाव ज्ञानगंगा अभयारण्याच्या अगदी लगत आहे. बुलढाणा आणि खामगावच्या मधलं हे दोनशे चौरस किलोमीटरांचं रान १९९७ साली अभयारण्य झालं. वन्यजीव कायदा असा, की अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडे नाव नोंदवायचं, आणि त्या पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. म्हणजे आमच्याकडे बंदूक बाळगण्यासाठी जिल्हाधिकारी, ठाणेदार आणि वनखातं अशी तीन दारं. मला यात गैर वाटत नाही. २०१९ च्या डिसेंबरात संसदेत ती दोन बंदुकांची दुरुस्ती मंजूर होत होती, त्याच दिवसांत यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ शेकडो कोस चालून आमच्या ज्ञानगंगेत येऊन पोचला. गळ्यात रेडिओ कॉलर असल्याने त्याची सगळी वाट नकाशावर उमटत गेली. पेपरांनी त्याला वॉकर म्हटलं. एवढी गावं, एवढे रस्ते, एवढी शेतं ओलांडून तो आला आणि कोणी त्याच्यावर बार काढला नाही. माझ्या आजोबांच्या काळात तो इथवर पोचला असता असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

दुनाळी शेवटी धाकट्या भावाच्या नावावर झाली. तो शेती बघतो, खंडेनवमीही तोच करतो. वडील चार दिवस माझ्याशी मोजकं बोलले, मग विसरले.

मला जी बंदूक हवी होती तिचं बीज कॉलेजात पडलं होतं. एनसीसीच्या कॅम्पात .२२ ची रायफल हाती आली. पोटावर पालथं पडायचं, कोपराखाली खडे टोचतायत, आणि समोर पंचवीस यार्डांवर कागद. मी पहिल्या गोळीनंतर मान उंचावून बघायला लागलो, तशी उस्तादांनी मानेवर हलकीच चापट मारली. म्हणाले, "पाचों एक जगह डाल. वो जगह कहाँ है, बाद में देखेंगे." नेमबाजीतलं सगळ्यात मोठं शहाणपण मला त्या वाक्यात मिळालं. गोळ्या मध्यभागाच्या डावीकडे वर पडल्या तरी चालतील, एका जागी पडल्या पाहिजेत. जागा सरकवायला रायफलवर स्क्रू असतो. विखुरलेल्या गोळ्यांना स्क्रू नसतो.

याची उलट बाजू मी त्याआधीच सैलानीच्या यात्रेत शिकलो होतो. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईला ती यात्रा भरते आणि फुगे फोडायचे तट्टे लागतात. त्या बंदुकीची नळी वाकडी असते, माशी कुठेतरी कलंडलेली असते, आणि फुग्यावर नेम धरून चाप ओढला की छर्रा शेजारच्या फळीत रुततो. गावाकडची हुशार पोरं पहिला छर्रा मुद्दाम फळीवर मारतात. तो कुठे गेला ते बघतात आणि तेवढं अंतर सोडून पुढचा नेम धरतात. तट्टेवाला मग दुसरी बंदूक हातात देतो.

निवडायची वेळ आली तेव्हा आधी कायदा, मग खिसा, आणि सगळ्यांत शेवटी मन, असा क्रम लावला. .२२ साठी परवाना, क्लबचं सभासदत्व, वनखात्याची संमती. मोठ्या बोअरचा तर प्रश्नच नव्हता. एक .३१५ ची रायफल मला कोणीतरी विकाऊ दाखवली होती. तिची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. इंग्रज सैन्याचं काडतूस .३०३. ते प्रजेच्या हाती लागू नये म्हणून त्या बोअरच्या बंदुका लोकांना मना केल्या. म्हणून .३१५ हा वेगळा बोअर इथे रुळला, आणि स्वातंत्र्यानंतरही बंगालमधल्या इच्छापूरच्या कारखान्यात लोकांसाठी ती रायफल बनत राहिली. कायद्याच्या भीतीतून जन्मलेली बंदूक. दणकट, रुबाबदार, आणि शिकार बंद झाल्यापासून बहुतेक घरांत केवळ भिंतीची शोभा.

उरली एअर रायफल. ०.१७७ इंचांपर्यंतचा, म्हणजे साडेचार मिलिमीटरचा बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असेल तर परवाना लागत नाही. इथे माझ्यासारख्या नवशिक्याला बाजार पहिला चकवा देतो. दहा-पंधरा हजारांच्या बंदुकीच्या खोक्यावर वेग मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, सेकंदाला अमुक इतके फूट. गिऱ्हाईकही तेच विचारतं, "किती लांब मारते?" आणि ऑलिंपिकात चालणारी दोन-अडीच लाखांची जर्मन रायफल सेकंदाला जेमतेम १७० ते १७५ मीटर वेगाने छर्रा सोडते. पैसे जास्त, जोर कमी. दहा मीटरवर कागदाला भोक पाडायला याहून जास्त जोर लागत नाही. जोर वाढवला की धक्का वाढतो, आणि धक्का वाढला की पाचांची जागा एक राहत नाही. दुकानात ही गोष्ट पटायला मला जड गेलं. वजनकाट्यावर कमी भरणाऱ्या मालाला जास्त पैसे मोजणं वऱ्हाडातल्या माणसाच्या रक्तात नाही.

आजच्या स्पर्धेच्या रायफली दाबलेल्या हवेवर चालतात. नळीखाली छोटा सिलिंडर, त्यात सुमारे २०० बारची हवा. ती पुण्या-मुंबईत भरून मिळते. आमच्याकडे मिळते ती ट्रॅक्टरच्या टायरची हवा. हातपंप असतो, पण तो मारून मारून दंड थरथरायला लागल्यावर नेम कसला धरणार? वायसर गेलं तर ती रायफल कुरिअरने कुठे पाठवायची हा आणखी एक प्रश्न. म्हणून मी मागे गेलो. पुण्यातल्या एका निवृत्त नेमबाजाकडे फाइनवेर्कबाऊ ३०० एस होती, स्प्रिंगवर चालणारी, सत्तरच्या दशकातल्या बनावटीची. ती मी घेतली. तिला सिलिंडर नको, पंप नको, वीज नको. बाजूचा दांडा मागे ओढला की स्प्रिंग दबते आणि आत कुठेतरी खट्‌ असा आवाज येतो. तिथे छर्रा अंगठ्याने बसवायचा, दांडा पुढे करायचा, झालं.

साध्या स्प्रिंगच्या बंदुकीचा दोष असा, की दट्ट्या पुढे झेपावला की अख्खी बंदूक आधी मागे आणि मग पुढे हिसका देते, आणि तोवर छर्रा नळीतच असतो. या रायफलच्या कर्त्यांनी त्यावर काढलेला तोडगा बघायला मी दिवसभर तिच्यासमोर बसू शकतो. चाप ओढताच नळी आणि तिची सगळी यंत्रणा लहानशा रुळांवर काही मिलिमीटर मागे सरकते, दस्ता मात्र जागचा हलत नाही. हिसका होतो, पण तो खांद्यापर्यंत येत नाही. गालाला फक्त एक सरक जाणवते.

हे कारागीर नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फचे, म्हणजे माउझर कारखान्याच्या गावचे. वेस्टिंगर आणि आल्टेनबर्गर हे दोघेही आधी माउझरमध्येच होते. दुसरं महायुद्ध हरल्यावर जर्मनीत दारूगोळ्याच्या बंदुका बनवायला बंदी आली. ज्यांच्या हातांनी जगभरच्या सैन्यांना रायफली पुरवल्या त्यांना दुसरी बारीक यंत्रं करावी लागली, आणि पुढे मुभा मिळाली ती हवेच्या बंदुकांना. एवढी अक्कल आणि एवढी लेथ मशीन एका कमजोर हत्यारावर खर्च झाली म्हणून ते एवढं अचूक झालं असावं. १९६६ साली दहा मीटर एअर रायफल जागतिक स्पर्धेत आली, १९८४ ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकात. .३१५ काय किंवा ही काय, बंदुका कारखान्यात बनतात तितक्याच सरकारी मनाईतही बनतात.

मापाचा मुद्दा मात्र कुठल्याच कायद्यात नाही आणि तोच खरा. वडिलांची दुनाळी मी खांद्याला लावली की दस्ता लांब पडायचा. मान पुढे काढावी लागे आणि डोळा नळीच्या वर राही. तेव्हा वाटायचं की आपल्यालाच धरता येत नाही. पुण्यात त्या गृहस्थांनी मला डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगितली. लावली. "आता उघडा." पीप साइटच्या भोकातून पुढचं कडं दिसलं, पण जरा खाली. त्यांनी गालाखालची लाकडी पट्टी सैल केली, तिच्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला, पुन्हा डोळे मिटायला लावले. या वेळी डोळे उघडले तर कड्यात कडं बरोबर मध्ये. त्या क्षणी व्यवहार ठरला, किमतीचं बोलणं नंतर झालं. घरातली ही पहिली बंदूक, जी माझ्या मानेच्या लांबीवरून निवडली गेली.

जुन्या गोठ्याची लांबी दहा मीटरांहून थोडी जास्त निघाली. तिकडच्या भिंतीला लाकडी पेटी, आत गोधड्यांचे तुकडे ठासून भरलेले आणि मागे जाड लोखंडी पत्रा. कागदाचा मध्य जमिनीपासून एक मीटर चाळीस सेंटिमीटर उंच, स्पर्धेत असतो तसा. वर एक बल्ब, वीज असेल तेव्हा. कागदावरच्या दहाच्या खुणेचा व्यास अर्धा मिलिमीटर असतो, खसखशीच्या दाण्याहून लहान. दहा मीटरांवरून ती दिसत नाही. दिसतो तो काळा गोल. त्याच्याभोवती सगळीकडून सारखी पांढरी फट राहील असं कडं ठेवायचं आणि न दिसणाऱ्या ठिपक्यावर भरवसा टाकायचा. साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्याने ठिपक्याला नुसता स्पर्श केला तरी दहा मिळतात. १०.९ हवे असतील तर छर्ऱ्याचा मध्य त्या ठिपक्याच्या आतच पडावा लागतो.

उभं राहून पाच किलोंची रायफल धरणं हे हाताचं काम नाही हे कळायला एक उन्हाळा गेला. डावं कोपर बरगड्यांखाली, कमरेच्या हाडावर टेकवायचं. वजन हाडावरून हाडावर, पायांतून जमिनीत. स्नायू मध्ये आले की थकतात आणि थकले की थरथरतात. एवढं करूनही कडं स्थिर राहत नाहीच. नाडीच्या ठोक्याबरोबर ते जरासं उचकतं, श्वासाबरोबर वर-खाली होतं. अर्धा श्वास सोडून थांबलं की काही सेकंदांची शांतता मिळते, त्यात चाप ओढला गेला तर गेला. नाही तर रायफल खाली घ्यायची. ही खाली घेण्याची सवय फार अवघड. एकदा खांद्याला लावली की बार काढल्याशिवाय कसं ठेवायचं, असं आतून कोणीतरी म्हणत असतं. तो बहुधा आमच्या वरातीतला पाहुणा असावा.

दरम्यान बाहेर सोयाबीन उभं असतं आणि रात्री रोही, म्हणजे नीलगायी, येतात. पंधरा-वीसच्या कळपाने आले की एका रात्रीत दोन एकर भुईसपाट. आता माळ्यावर जागल करणारे थोडे उरलेत. कुंपणाला सौर झटका मशीन लावतात, फटाके वाजवतात, जुन्या साड्या बांधतात. शेजारचा बापूराव एकदा गोठ्यात आला, रायफल न्याहाळली, आणि म्हणाला, "गुरुजी, एक रात्र माह्या वावरात बसा ना. दोन-चारच छर्रे." त्याचं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं, तेव्हा कायदा सांगत बसायची मला लाज वाटली. रोही आणि रानडुक्कर यांना मारायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते, हे त्यालाही ठाऊक होतं. मी त्याला दुसरं सांगितलं. माझ्या छर्ऱ्यात आठ ज्यूलसुद्धा नसतील आणि रोही दोनशे किलोंचा. तो मरणार नाही. छर्रा कातडीत रुतेल, जखम चिघळेल, आणि तो लंगडत पुन्हा तुझ्याच वावरात येईल. बापूराव थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे हे कामाचीच नाही."

ते मला मान्य आहे. कागदाला भोक पाडण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. आणि उपयोग नाही म्हणून तिचा धाकही नाही. ती घरात आहे म्हणून कोणी मला नमस्कार करत नाही. भांडणात तिची आठवण कोणाला होत नाही. निवडणुकीत तिची पावती लागत नाही. आमच्या घरात बंदूक पहिल्यांदाच एवढी मोकळी राहिली आहे.

या खेळाची देशातली मोठी संघटना, नॅशनल रायफल असोसिएशन, १९५१ साली निघाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर होते, म्हणजे आपले दादासाहेब, पुढच्या वर्षी लोकसभेचे पहिले सभापती झालेले. अहमदाबादचा मराठी वकील, गांधींच्या चळवळीत तुरुंग भोगलेला माणूस. अहिंसावाद्याने रायफल संघटना काढावी याचं पूर्वी मला नवल वाटे, आता वाटत नाही. लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्यावर काँग्रेस पहिल्यापासून चिडलेली होती, आणि स्वतः गांधींनीही त्या कायद्याला फार कठोर शब्द वापरले होते. बंदूक हातात असताना ती कोणावर न रोखणं आणि ती हातीच न लागणं या दोन गोष्टी ते वेगळ्या समजत. मावळंकरांच्या नावाची स्पर्धा खेळून पोरं राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जातात. त्या वाटेने महाराष्ट्राने किती माणसं दिली! अंजली भागवत, सुमा शिरूर, २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झालेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत. आणि राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, २०२४ ला पॅरिसमध्ये ४५१.४ गुण आणि कांस्य. पात्रता फेरीत तो सातवा होता. तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला, .२२ ने गुडघ्यावर, पालथं आणि उभं अशा तिन्ही प्रकारांत नेम धरणारा.

त्याच्या पदकानंतर माझ्या गोठ्यात पोरं यायला लागली. माझा नियम एकच: पहिला महिना छर्रा नाही. रिकामी रायफल धरून उभं राहायचं, आणि झाडावरचा होला, साळुंकी, काहीही असो, नळी तिकडे वळली की त्या दिवशी घरी. निम्मी पोरं आठवड्यात गळाली. त्यांना बार हवा होता आणि तो इथे नाही हे त्यांना लवकर कळलं. एक मुलगी टिकली, नववीतली. ती पन्नास वेळा रायफल उचलते आणि पंचवीस वेळा मुकाट्याने खाली घेते. माझ्या रायफलचा दस्ता तिला लांब पडतो, आणि पाच किलो तिच्या हाडांना सध्या जास्त आहेत. म्हणून तिच्या मापाची शोधतोय, भारतीय बनावटीची, हलकी, दस्ता पुढेमागे करता येईल अशी. पीप साइट नंतर लावता येईल.

तिचे वडील परवा विचारायला आले. लायसन लागते का, किती पैसे, पोरीच्या जातीला हे शोभते का, असं सगळं एका दमात. तिन्हींची उत्तरं मी दिली. पैशांवर ते जरा अडले, कापसाचे आले की बघू म्हणाले. उठताना दारात थांबून त्यांनी शेवटचं विचारून घेतलं.

"त्याच्यानं रोही पयतात का?"

म्हटलं, नाही.

"मंग बरं हाये," ते म्हणाले, "नाही तं सारा गाव मागाले येईन."